यमूची ओवाळणी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी यमूला बोल लावणार नाही. मी कुणाला फसवलं नाही, कुणाचं काही बळकावलं नाही. मी एका पाटावर बसलो. भाऊबिजेची सकाळ होती, कलकत्त्यात बालीगंजला आमच्या घरमालकांच्या तळमजल्यावर पाटांची रांग मांडली होती, आणि त्यातल्या शेवटच्या पाटावर मी मांडी घालून बसलो. बसायला नको होतं. आयुष्याचं वाटोळं करायला माणसाला निदान उठून काहीतरी करावं लागतं, अशी माझी समजूत होती. नुसतं बसूनही ते होतं.

यमू म्हणजे यमुना, माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. नुसतं चालत नाही, घरातल्या बायका लहानपणापासून त्यावरून चिडवून चिडवून मुलाला लाजायला शिकवतात. बंगाल्यांकडे मामाची मुलगी ही बहीणच, सख्खीच्या खालोखाल. या दोन रीतींच्या मधोमध माझा पाट मांडलेला होता. मला तो दिसत होता, तरी मी बसलो.

स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. केंद्र सरकारच्या एका कचेरीत माझी नेमणूक झाली आणि वळकटी घेऊन सांगलीहून मी थेट मामांकडे उतरलो. मामा मोजणी खात्यात नकाशे काढायचे. ते तरुणपणी तिकडे गेले ते तिथलेच झाले. यमू तर जन्मली, शिकली, वाढली ती कलकत्त्यातच. मी जिना चढून वर आलो तेव्हा ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहून एका कावळ्याला बंगालीत रागावत होती. नुसतं हाकलणं नव्हे. कालचं, परवाचं उकरून काढून रागावणं. कावळा मान खाली घालून ऐकत होता, हे मी शपथेवर सांगतो. मग ती माझ्याकडे वळली.

"दमलास ना? पाणी खा."

"पाणी पितात," मी म्हणालो.

"इथे खातात. चहा पण खातात, विडी पण खातात. तू सांगलीचा आहेस, तू पी. चालेल. पण लक्षात राहील."

"चालेल, पण लक्षात राहील" हे तिचं नेहमीचं वाक्य. ते ती भांडताना म्हणायची नाही, भांडण मिटवताना म्हणायची. पहिले काही दिवस मला ते लाडिक वाटलं. मग भोपळ्याचा प्रकार झाला. गडियाहाटच्या बाजारात एका भाजीवाल्याने तिला आतून सडका भोपळा दिला होता. ती दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला एवढंच म्हणाली, "चालेल, पण लक्षात राहील." तो हसला. तिने त्या सडक्या भोपळ्याच्या बिया धुतल्या, वाळवल्या, गच्चीवर जुन्या बादलीत लावल्या. चार महिन्यांनी त्या वेलाला एक चांगला गरगरीत भोपळा धरला. तो तिने माझ्या डोक्यावर देऊन बाजारात नेला आणि त्या भाजीवाल्याच्या पुढ्यात ठेवला. "असा असतो," ती म्हणाली. पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून ती बाजारात शिरली की तो माणूस पोत्यांमागे लपायचा. तिला सूड नको असायचा. गोष्ट कशी असायला हवी होती ते समोरच्याच्या पुढ्यात ठेवलं की तिचं समाधान होई.

एखादी ट्राम थांब्यावर न थांबता गेली तर ती तिच्यामागे पुढच्या थांब्यापर्यंत धावायची, आत चढायची, "मी मागच्या थांब्यावर उभी होते" असं ड्रायव्हरला सांगायची आणि उतरून चालत घरी यायची. जायचं कुठेच नसायचं. मी विचारलं, हे कशासाठी? "त्याला कळायला नको का?" म्हणाली.

अशा मुलीच्या प्रेमात माणूस एकदम पडत नाही. हळूहळू त्याच्या लक्षात येतं की कचेरीत काही वेडंवाकडं घडलं की ते तिला सांगायचं म्हणून आपण मनात जुळवून ठेवतो आहोत. संध्याकाळी आम्ही तिघं तळ्यावर फिरायला जात असू. मामा पुढे, खात्याच्या सवयीने पावलं मोजत, त्यामुळे बोलण्याच्या पलीकडे गेलेले. आम्ही दोघं मागे, भुईमुगाच्या शेंगा खात. ती शेंगा सोलून दाणे मला द्यायची आणि टरफलं स्वतःच्या पदरात ठेवायची. याहून जास्त आमच्यात काही घडलं नाही. पण एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबांना सांग आता."

"दिवाळी होऊ दे," मी म्हणालो.

"चालेल. पण तूच सांगायचं. मी नाही सांगणार. मी मुलगी आहे म्हणून नाही. तुला बोलायची सवय लागावी म्हणून."

ही तिची अट मला चांगली ठाऊक होती, हे इथे लिहून ठेवतो.

तळमजल्यावर घरमालकीण राहायच्या. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणे, म्हणजे मावशी. अंगाने भारदस्त, मनाने लोण्यासारख्या, आणि नकार ऐकण्यापुरत्या ठार बहिऱ्या. त्यांचे थोरले भाऊ माझ्या कचेरीत बडोबाबू होते, म्हणजे हेडक्लार्क, आणि माझी नोकरी कायम होणं न होणं त्यांच्या शेऱ्यावर होतं. पूजेच्या सुटीआधी कचेरीत चहाच्या वेळी कुणीतरी विषय काढला की दक्षिणेकडचे लोक मामाच्या मुलीशी लग्न लावतात. बडोबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला विचारलं, "दत्तबाबू, तुमच्यात नाही ना असलं?" माझं नाव दत्तात्रेय, दत्त हे तिकडे आडनाव, त्यामुळे ते मला जवळपास आपल्यातलाच समजत.

"छे," मी म्हणालो.

भाऊबीज तिकडेही त्याच दिवशी असते, तिला भाईफोटा म्हणतात. निरांजनाने ओवाळणं नसतं. बहीण डाव्या हाताच्या करंगळीने भावाच्या कपाळावर चंदनाचा टिळा लावते आणि यमाच्या दारात काटा पडो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. त्या सकाळी मी टपालाच्या पेटीत आईला लिहिलेलं कार्ड टाकायला खाली उतरलो तर माशीमांनी माझं मनगटच धरलं. परमुलखात सणाच्या दिवशी पोराचं कपाळ कोरडं राहायचं म्हणजे काय? आत त्यांचे भाऊ ओळीने बसलेले, सगळ्यात पुढे बडोबाबू. शेवटचा पाट रिकामा. माशीमा मला टिळा लावायला वाकणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष यमूकडे गेलं. ती सकाळपासून त्यांना चंदन उगाळून देत होती आणि वाटी घेऊन दारात उभी होती.

"अगं बाई, याची बहीण तर इथेच आहे," माशीमा म्हणाल्या. "मी कशाला? यमुना, ये, तू दे तुझ्या दादाला फोटा. बोशो, दत्तबाबू, बोशो, बसा."

सगळे हसले. इतकी साधी गोष्ट आधी कुणाच्या लक्षात कशी आली नाही, असं ते हसणं होतं. यमू हसली नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. त्या बघण्यात घाबरणं नव्हतं, विनवणी नव्हती. भाजीवाला योग्य भाव सांगेपर्यंत ती जशी थांबे, तशी थांबली होती. 'आमच्यात ही बहीण लागत नाही' एवढंच मला म्हणायचं होतं. बडोबाबू कपाळावरचं ओलं चंदन घेऊन माझ्याकडे पाहत होते. जिन्यात मामा उभे होते. मी बसलो. बसताना धोतर नीट सावरून घेतलं, हेही लिहायला हवं.

यमू वाकली. करंगळी कपाळात रुतेल इतकी दाबून तिने टिळा लावला. एकदा लावून भागत नाही, तिकडे तीनदा लावतात. तिने तिन्ही वेळा दाबला. यमाच्या दारातला काटाही तिने शब्द न गाळता म्हटला. मग पानं वाढली आणि मी लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, खाल्ल्या. पुन्हा मागून घेतल्या की नाही ते मला आठवत नाही. यमूच्या म्हणण्याप्रमाणे घेतल्या.

दुपारी मामांनी मला बोलावलं. नकाशाच्या टेबलाशी बसले होते. "बरं झालं, तू आपणहूनच निकाल लावलास," ते म्हणाले. "बराकपूरच्या सबनीसांकडून यमूला मागणी आहे. मी त्यांना थांबवून ठेवलं होतं. मला उगाच वाटत होतं की तुमच्या दोघांच्या मनात काही आहे. पण तू ओवाळून घेतलंस."

"मामा, ते बंगाली पद्धतीचं…"

"चंदन काय आणि निरांजन काय. हद्दीची रेघ पेन्सिलीची असते तोवर हलवता येते, दत्तू. शाईने मारली की ती हद्द." मामांच्या दृष्टीने, ओवाळून झालेल्या मुलाला मुलगी देणं म्हणजे शाईवर खाडाखोड करणं. खात्याच्या सुपरिंटेंडेंटांनी सांगितलं असतं तरी त्यांनी ती केली नसती.

संध्याकाळी यमू गच्चीवर होती. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "बहीण केलंस ना, दादा? आता बहीण भोग."

माघात तिचं लग्न झालं.

सबनीस छावणीतल्या हिशेबखात्यात होते. बराकपूरला नदीजवळ त्यांना जुनं बैठं घर मिळालं होतं, पुढे व्हरांडा, मागे परसात नळ. शांत गृहस्थ. इतके शांत की ते खोलीत आहेत हे कधीकधी त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटल्यावर कळायचं. पहिल्या दिवाळीत यमूचं बोलावणं आलं, भाऊबिजेला यायचं. मी गेलो. पाट, रांगोळी, तबक, निरांजन, सगळं आपल्या रीतीचं मांडलेलं. मी बसलो, आता बसायला हरकत नव्हती. यमूने निरांजन लावलं, तबक हातात घेतलं, आणि ओवाळायच्या आधी विचारलं, "त्या दिवशी का बसलास?"

सबनीस उठले. "मी जरा नळ बघून येतो," म्हणाले आणि परसात गेले.

 "पायाला मुंग्या आल्या होत्या," मी म्हणालो.

यमूने यावर विचार केला. "चालेल," ती म्हणाली, "पण लक्षात राहील." मग ओवाळलं. मी खिशात हात घातला तर म्हणाली, "नोटा ठेव तुझ्यापाशी. बहिणीला मागायचा हक्क असतो. तुझ्या पायाला मुंग्या येतात. उभं राहता येत नाही, मांडी घालवत नाही. मला न्हाव्याची खुर्ची हवी. मागे कलणारी, मान टेकायची. आत्ता नको, पुढच्या भाऊबिजेला आण. उचलून आणताना विचार करत येशील."

त्या वर्षी माझी नोकरी कायम झाली. वर्षभर जुन्या बाजारातून हिंडून मी खुर्ची मिळवली आणि भाऊबिजेच्या सकाळी दोन हमालांच्या मदतीने सियालदहच्या फलाटावर आणली. तेव्हा त्या स्टेशनात पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबं चटया टाकून राहत होती. गाड्या त्यांच्यामधून वाट काढल्यासारख्या सुटत. माझ्या गाडीला उशीर होता. मी खुर्चीशेजारी उभा होतो, कारण स्वतःसाठी आणलेली नसताना तिच्यात बसणं बरं दिसत नव्हतं. एक म्हातारा येऊन खुर्चीभोवती फिरला. त्याने दांडा दाबून पाहिला, मान टेकायची उशी वरखाली केली. तिकडे त्याचं केस कापायचं दुकान होतं म्हणाला. वस्तरा बरोबर आणला, खुर्ची राहिली.

"बाबू, थोडा वेळ हिच्यामागे उभा राहू?"

राहा म्हणालो. पण रिकाम्या खुर्चीमागे उभा राहिलेला न्हावी फार केविलवाणा दिसतो. मग मी बसलो. बसणं मला जमतंच. त्याने माझी दाढी केली. ती होईपर्यंत मागे रांग लागली होती, आणि रांगेतल्या माणसांना ही खुर्ची भाऊबिजेची आहे हे पटवून देण्याइतकं माझं बंगाली चांगलं नव्हतं. माझी गाडी आली आणि गेली. पुढचीही गेली. तिकीट तपासनीस आला, त्याने आधी परवाना विचारला आणि मग मिशा कोरून घेतल्या. मी बराकपूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. यमू फाटकात उभी होती. पाहुणा कसा यायला हवा यावर ती बोलेल म्हणून मी सगळी हकिगत सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "त्या म्हाताऱ्याला खुर्ची देऊन का नाही आलास?"

"तू मागितली होतीस."

"हं," ती म्हणाली. "सांगितलेलं बरोबर करतोस. न सांगितलेलं येत नाही." आणि तबक उचलून: "का बसलास?"

सबनीस नळ बघायला गेले. मी म्हणालो, मला भूक लागली होती, लुच्या दिसल्या. पुढच्या वर्षी मी हलवायाची एक जंगी कढई डोक्यावर पालथी घालून बराकपूरला गेलो. वाटेत डब्याच्या दारात ती अडकली आणि तिच्याबरोबर मीही. मला समोरचं दिसत नव्हतं, फक्त लोकांचे पाय दिसत होते आणि त्यांचे शेरे ऐकू येत होते. सबनीसांनी ती कढई परसात पुरून तिच्यात कमळं लावली. एवढंच म्हणाले, "दत्तोपंत, कारण जरा लहान आकाराचं देत चला."

मधल्या काळात माझंही लग्न ठरलं. बँकेत बदली होऊन आलेल्या नागपूरकरांची मुलगी. करवली कोण? मला दुसरी बहीण नव्हती. यमू लग्नाच्या आदल्या दिवशीच हजर झाली, डोक्यात गजरा, हातात कऱ्हा आणि दिवा, आणि करवलीचे सगळे मान तिने व्याजासकट वसूल केले. जेवणाच्या वेळी रुसून बसली. नागपूरकर मंडळी शालू घेऊन मनधरणी करायला लागली तेव्हा म्हणाली, "नवऱ्या मुलाने समजूत काढली तर उठते." मला बोलावून आणलं. मंडपभर माणसं बघत असताना मी तिच्यासमोर हात जोडून उभा राहिलो. "उभं राहता येतं की तुला," ती हळूच म्हणाली आणि उठून पानावर बसली. माझी बायको आजही म्हणते, वन्संसारखी हौशी करवली तिने पाहिली नाही. तिला सगळं माहीत आहे. लग्नानंतर मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग?

कढईच्या वर्षी मी कारण दिलं होतं की माशीमा काय म्हणाल्या ते मला नीट ऐकूच आलं नाही. त्यावर ग्रामोफोनचा कर्णा आणायचा हुकूम झाला. ग्रामोफोन नको, नुसता कर्णा. तो आणल्यावर प्रत्येक भाऊबिजेला ती त्याचं निमुळतं टोक माझ्या कानाला लावायची आणि रुंद तोंडातून विचारायची, "का बसलास?" तो प्रश्न माझ्या डोक्यात पितळी होऊन घुमायचा. मी दचकायचो, मागे सरकायचो, काहीतरी भिकार कारण पुढे करायचो. एकदा म्हणालो, पाट रिकामा होता. एकदा म्हणालो, माशीमांनी ओढलं.

"माशीमांनी मनगट धरलं होतं," यमू म्हणाली. "गुडघे तुझे तू वाकवलेस."

खरं कारण मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते सांगितलं तर पुन्हा येण्याचं निमित्त संपेल, असंही कुठेतरी वाटत होतं. दरवर्षी निघताना ती फाटकापाशी यायची आणि इकडचंतिकडचं बोलायची. एकदाच, सबनीस दूर असताना, माझ्याकडे न बघता ती सरळ बोलली. "मला एवढंच कळायला हवं, दत्तू. मी नको होते, की दुसरं काही होतं? नको होते असं म्हणालास तरी चालेल. मी नीट आहे इथे. सबनीस फार चांगला माणूस आहे. पण एका बाजूने उघडं राहिलेलं दार वाजत राहतं रे." त्या दिवशी तिने 'दादा' म्हटलं नाही. मी गाडी चुकेल म्हणालो आणि निघालो. गाडीला वेळ होता.

त्याच्या पुढच्या वर्षी मी अर्धवट खरं बोललो. म्हणालो, "मला भीती वाटली."

यमूने कर्णा खाली ठेवला. "कुणाची?"

"बडोबाबूंची."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या कारणात आणखी काही आहे का, याची वाट पाहत होती. मी आणखी काही दिलं नाही. "चालेल," ती म्हणाली. "पण लक्षात राहील. पुढच्या वर्षी मला राजहंस आण. नर. तो कुणाला घाबरत नाही. धरून आणताना जरा शिकून ये."

पुढच्या पावसाळ्यात ती आजारी पडली. छाती गेली काही वर्षं नाजूक झाली होती, तिने आता अंथरूण धरायला लावलं. आम्ही दोनतीनदा जाऊन आलो. तेव्हा ती अंथरुणावर उशांना टेकून बसलेली असायची, आणि प्रश्नाचा विषय काढायची नाही. तो भाऊबिजेचा होता. तिने त्यात बदल केला नाही.

भाऊबिजेला मी सियालदहच्या बाजारातून राजहंस, म्हणजे तिकडचा पाळीव हंस, घेतला. लोक त्याला पोत्यात घालून नेतात हे मला उशिरा कळलं. मी त्याला काखेत धरून गाडीत बसलो. तो डब्यातल्या प्रत्येक माणसाकडे मान लांब करून फूत्कार टाकत होता, आणि प्रत्येक माणूस माझ्याकडे असा बघत होता की तो फूत्कार मीच टाकला. एका वकिलाचा चष्मा गेला. सोदपूर येईपर्यंत आमच्या बाकावर आम्ही दोघंच उरलो होतो.

व्हरांड्यात यमू न्हाव्याच्या खुर्चीत होती. आडवं पडलं की तिला श्वास घेता येत नसे, म्हणून सबनीसांनी ती खुर्ची अर्धी कलती करून ठेवली होती आणि ती रात्रंदिवस तिच्यातच झोपत होती. फार बारीक झाली होती. आवाज बसला होता, म्हणून कर्णा मांडीवर. तो ती आता उलटा धरायची, निमुळतं टोक ओठांशी आणि रुंद तोंड जगाकडे. घराच्या कडेने मागे परसातली कढई दिसत होती, तिच्यात एक उशिराचं कमळ होतं. मी या सगळ्याकडे बघत फाटकात उभा राहिलो. मी दिलेल्या प्रत्येक खोट्या कारणाचा त्या घरात काही ना काही उपयोग झाला होता.

"चावला का?" तिने कर्ण्यातून विचारलं. रस्त्यावरून जाणारा एक शिपाई दचकून थांबला.

"वाटेत. पुष्कळदा."

"शिकलास काही?"

पाट खुर्चीच्या पायाशी मांडला होता. तबक तिच्या शेजारी स्टुलावर, निरांजन लावलेलं. हंस सोडला तर तो नदी गाठेल म्हणून मी त्याला तसाच काखेत धरून पाटाशी आलो. बसलो मात्र नाही. सबनीस उठले, नळ बघून येतो म्हणाले. दारात क्षणभर थांबून माझ्याकडे वळले. "आज जरा वेळ लागेल," म्हणाले.

यमूने कर्णा ओठांना लावला. "का बसलास?"

मी बोलायला लागलो. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून हंसाच्या डोक्याकडे बघत बोललो. बडोबाबूंची भीती खरी होती, पण तेवढीच नव्हती. मी त्याला सांगितलं की त्या दिवशी यमू वाटी घेऊन उभी होती तेव्हा मला वाटलं, ती बोलेल. ती कुणालाही बोलते, कावळ्याला बोलते, ट्रामला बोलते. ती म्हणेल 'हा माझा भाऊ नाही', आणि माझं काम परभारे होईल. तूच सांगायचंस असं ती मला म्हणाली होती आणि तरीही मी ते तिच्यावर टाकलं. आणि तिने टिळा लावला तेव्हा मी मनात म्हणालो, बघा, हिनेच लावला. मी किती वर्षं स्वतःला तेच सांगत आलो.

हंस माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता.

"कुणाला सांगतोयस?" यमूने विचारलं. कर्णा तिने खाली ठेवला होता. "त्याचा काय संबंध?"

मी मान वर केली. ती थांबली होती, त्या सकाळी थांबली होती तशीच. या वेळी मी तिच्याकडेच बघत बोललो.

"यमू, तू नको होतीस असं एक क्षणही नव्हतं. तूच हवी होतीस. ते म्हणायचं काम माझं होतं आणि मी ते तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं. मला माफ कर."

हंसाने तेवढ्यात माझ्या कानाचा चावा घेतला. मी हललो नाही.

"चालेल," यमू म्हणाली.

परसात नळ सोडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. सबनीस ओले हात पुसत व्हरांड्यात आले, तबकाकडे पाहिलं, माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं. "ओवाळलं नाही का अजून?"

"नाही," ती म्हणाली. "हंसाने फडफडून निरांजन विझवलं. आज राहू दे."

निरांजन स्टुलावर नीट जळत होतं. सबनीसांनी ते पाहिलं, मग पुढे होऊन माझ्या काखेतला हंस अलगद स्वतःकडे घेतला आणि तो कढईकडे घेऊन गेले.